बेल्फोर्डच्या कोचसाठी तिसरं मत

बेल्फोर्ड स्टेट कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ त्या हंगामात बारापैकी दोन सामने जिंकला. शेवटचा सामना नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी घरच्या मैदानावर झाला आणि एक्कावन्न विरुद्ध सहा असा गेला. रविवारी दुपारी कॉलेजने कोचला नारळ दिला. सोमवारी सकाळी सहा वाजता ओलिटाच्या खानावळीत पुढचा कोच कोण, यावर भांडण जुंपलं.

भांडणारे तिघे. व्हर्लन टिडमोर हा कागद गिरणीतला निवृत्त फिटर. हॉइट ब्रॅशर विम्याचा एजंट. लमार यान्सीने तीस वर्षं गावात टपाल वाटलं होतं. तिघेही साठीला टेकलेले, तिघेही तरुणपणी बेल्फोर्डकडून खेळलेले, आणि तिघे मिळून जुन्या खेळाडूंच्या मंडळाचे पदाधिकारी. मंडळ म्हणजे काय, तर वर्षातून एकदा मासे तळून जेवण, आणि मेलेल्या खेळाडूच्या घरी फुलं पाठवायची. एरवी त्यांचं कोण ऐकतं? पण या वेळी कॉलेजचा क्रीडाप्रमुख व्हिटफिल्ड याचं पत्र आलं होतं. कोच जाणार हे महिनाभर आधीच ठरलेलं, आणि निवड समिती तेव्हापासून दोन नावांवर अडली होती. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. जुन्या खेळाडूंनी शुक्रवारी दुपारपर्यंत दोनातलं एक नाव लिहून द्यावं, समिती ते मान्य करील.

पहिलं नाव टेक्सासच्या कोल्बी रेन्फ्रोचं. वय चौतीस. लमारला तो हवा होता.

"त्या पोराचा संघ सामन्याला चाळीस गुण काढतो," लमार म्हणाला.

"आणि पंचेचाळीस देतो," हॉइट म्हणाला. त्याला दुसरा हवा होता, ड्युइट केगल. ड्युइट बेल्फोर्डचाच, या तिघांबरोबर खेळलेला. आता तो उत्तरेकडे डोंगरात, लॉरेल फोर्क नावाच्या छोट्या कॉलेजात कोच होता आणि तिथे अकरा वर्षांत नव्वद सामने जिंकला होता.

लमारचं म्हणणं, अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आणून काय त्याची वर्षश्राद्धं घालायची? हॉइटचं म्हणणं, घरचा माणूस घरचाच. रेन्फ्रो दोन वर्षांत मोठं कॉलेज बघून उडून जाईल. लमार म्हणाला, दोन वर्षं तरी सुखाची जातील. ओलिटा कॉफी ओतायला आली तेव्हा तिने विचारलं, तुम्ही तिघे मैदानात होतात तेव्हा तरी कुठे जिंकायचो आपण? त्यावर तिघांनीही कप पुढे केले.

मग दोघे व्हर्लनकडे वळले. एक मत इकडे, एक तिकडे. राहिलं त्याचं.

व्हर्लनने मक्याच्या कण्या संपवल्या, चमचा पुसून ठेवला आणि म्हणाला, "ड्युइट कामचुकार आहे."

मग त्याने ती रेषेची गोष्ट सांगितली. दोघांनी ती पूर्वी वीसेक वेळा तरी ऐकली असेल. सराव संपला की कोच रॅन्सम सगळ्यांना मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दहा वेळा पळवायचा. प्रत्येक वेळी वाकून पांढऱ्या रेषेला हात लावायचा आणि परत फिरायचं. ड्युइट वाकायचा, पण त्याचा हात रेषेच्या अलीकडे टेकायचा. एक वीतभर अलीकडे. रोज.

"मी शेजारी पळायचो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"चाळीस वर्षं होत आली, व्हर्लन," हॉइट म्हणाला. "एक वीत जमिनीवरून माणूस किती दिवस भांडतो?"

उत्तर व्हर्लनकडे होतं, पण ते त्याने कोणालाच दिलेलं नव्हतं.

व्हर्लनचा बाप पाइनचे ओंडके ट्रकने गिरणीत आणून टाकायचा. तेरा वर्षांचा असल्यापासून व्हर्लन त्याच्या हाताखाली होता. साखळ्या आवळायच्या, सैल झाल्या तर उतरून पुन्हा आवळायच्या. त्या कामाने कमावलेल्या खांद्यांवर त्याला कॉलेज फुकट मिळालं. तीन हंगाम तो संघाच्या पुढच्या फळीत डावा गार्ड म्हणून खेळला. त्याचा क्रमांक चौसष्ट. समोरच्याला ढकलायचं, चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची. त्या कामाबद्दल कोणी टाळ्या वाजवत नाही. त्याच जागेसाठी राखीव म्हणून ड्युइट होता, आणि ते तिन्ही हंगाम तो बाकावर बसला, कारण व्हर्लन एकदाही दुखावला नाही की आजारी पडला नाही.

शेवटच्या वर्षी वसंतात कोच रॅन्समने व्हर्लनला बोलावलं. माझ्या हाताखाली राहा म्हणाला. तुझ्यात शिकवण्याची नजर आहे. व्यायामशाळेवरची खोली मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल, दोन वर्षं पगार नाही. त्या वेळी त्याच्या बायकोला, नेल्डाला, सातवा महिना होता. गिरणीत दर शुक्रवारी पगार मिळत होता. व्हर्लनने उभ्याउभ्याच नाही म्हटलं. आठ दिवसांनी ड्युइटने आपली ट्रंक त्या खोलीत नेली.

पुढची पस्तीस वर्षं व्हर्लनने तीन नंबरच्या मशीनवर काढली. रूळ, बेअरिंगं, दांडे. दोन दांडे एका रेषेत आणायचे तर केसाच्या जाडीइतकाही फरक चालत नाही. फरक राहिला तर दोन महिन्यांनी बेअरिंग जळतं आणि कोणी काम केलं ते सगळ्या गिरणीला कळतं. व्हर्लनने बसवलेलं बेअरिंग जळल्याचं कोणाला आठवत नाही. मुलगी शिकली, दंतवैद्य झाली. घर झालं. कशाची कमी नव्हती.

पण पेपरात ड्युइटचं नाव दिसलं की त्याच्या पोटात दुखायचं. आधी तो साहाय्यक झाला, मग एका हायस्कूलचा कोच झाला, मग दोनदा राज्यात पहिला आला, मग लॉरेल फोर्क. व्हर्लन पान उलटायचा, पण आकडा वाचून. शनिवारी ड्युइट हरला की रविवारचं जेवण त्याला गोड लागायचं. जिंकला की व्हर्लन मागच्या शेडमध्ये जाऊन आधीच साफ असलेली हत्यारं साफ करायचा. ती जागा माझी होती, मी सोडली म्हणून त्याला मिळाली, आणि मी असतो तर त्याच्या दुप्पट केलं असतं. हे त्याने कधी तोंडातून काढलं नाही. नेल्डाला न सांगताच कळलं होतं. रविवारी सकाळी पेपर आला की ती आधी निकाल बघायची आणि त्याप्रमाणे नवऱ्याशी बोलायची.

आणि आता ड्युइटचं नशीब व्हर्लनच्या एका मतावर येऊन थांबलं होतं. सोमवारी तो घरी गेला तेव्हा शीळ घालत होता. त्याने दोघांना सांगितलं होतं, विचार करून गुरुवारी सांगतो. विचार कसला करायचा होता? ते मत त्याला तीन दिवस हातात धरून ठेवायचं होतं.

मंगळवारी सकाळी विमानाची खबर आली.

त्या मुलखात कोच काढला की लोक पेपर वाचत बसत नाहीत, आकाशाकडे बघतात. कॉलेजला पैसा पुरवणाऱ्या लाकूडवाल्या शेठजींचं छोटं विमान कुठून उडालं, कुठे उतरलं, किती वेळ थांबलं, हे संगणकावर दिसतं. त्यावरून नवा कोच ओळखायचा. हॉइटला स्वतःच्या लग्नाची तारीख विचारून घ्यावी लागायची, पण त्या विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक तोंडपाठ होता. मंगळवारी त्याने आपली टॅबलेटची पाटी टेबलावर मधोमध ठेवली आणि बोटाने दाखवलं. विमान बेल्फोर्डहून सोमवारी दुपारी निघालं, लॉरेल फोर्कजवळच्या धावपट्टीवर उतरलं, आणि रात्रभर तिथेच होतं.

"झालं," हॉइट म्हणाला. "ड्युइटला आणायला गेलं."

सगळी खानावळ टेबलाभोवती जमली. ज्याने ड्युइटला कधी पाहिलं नव्हतं तोही तो आपल्या आतेभावाचा वर्गमित्र असल्याचं सांगू लागला. लमार भडकला. ठरलंच होतं तर आपल्याला पत्र कशाला लिहिलं, पोरांना खुळखुळा द्यावा तसं?

व्हर्लनचं अंडं ताटात गार झालं. त्याच्या हातातली एकुलती एक गोष्ट कोणीतरी न विचारता काढून घेतली होती. शनिवारपासून ड्युइट याच गावात असणार होता. याच खानावळीत कॉफी पिणार होता. लोक उठून त्याला जागा देणार होते.

तो घरी आला, कपड्यांची पिशवी भरली आणि ट्रकची किल्ली घेतली.

"कुठे?" नेल्डाने विचारलं.

"लॉरेल फोर्कला."

"भेटायला चाललास की पकडायला?"

"बघायला," व्हर्लन म्हणाला.

सात तासांचा रस्ता. तो हमरस्त्यावरच्या एका मोटेलात झोपला आणि बुधवारी पहाटे साडेपाचला लॉरेल फोर्कच्या व्यायामशाळेसमोर ट्रक लावून बसला. ड्युइटच्या संघाचा हंगामही शनिवारीच संपला होता. आता तो सामान बांधत असेल किंवा झोपला असेल, असा व्हर्लनचा हिशेब होता. दोन्हीपैकी काहीही बेल्फोर्डला जाऊन सांगता आलं असतं.

व्यायामशाळेत दिवे होते.

व्हर्लन दारातून आत गेला आणि बाकांच्या आडोशाला उभा राहिला. पुढच्या हंगामाला राहणारे फळीतले वीस खेळाडू दोन रांगांत वाकून उभे होते. प्रत्येकाच्या पायापुढे लाकडी जमिनीवर निळ्या पट्टीची खूण चिकटवली होती. व्हर्लनने ती लगेच ओळखली. पहिलं पाऊल सहा इंच. कोच रॅन्समची शिकवण. सात इंच टाकलं तर तोल पुढे जातो, पाच टाकलं तर जोर येत नाही. प्रेक्षकांना ते पाऊल दिसत नाही. सगळा खेळ मात्र त्यावर असतो. बेल्फोर्डच्या संघाचं ते पाऊल गेली चार वर्षं बघून व्हर्लन चरफडत होता.

ड्युइट जमिनीवर गुडघ्यांवर होता. ओरडत नव्हता. शिटी वाजली की वीस पावलं पडायची आणि तो गुडघ्यांवरच एकेकापाशी सरकायचा, बुटावर हात ठेवायचा, अर्धा इंच मागे घ्यायचा, पुढच्याकडे जायचा. त्याचा डावा गुडघा जोर धरत नव्हता, तो पाय तो ओढत नेत होता. उठायचं झालं की भिंतीला धरून उठायचा आणि पुन्हा खाली बसायचा.

व्हर्लन चुका शोधत होता. पस्तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधल्या होत्या. मागच्या रांगेत डावीकडून चौथा, टाच उचलतोय. त्याने मनात धरेपर्यंत ड्युइट तिथे पोचलेला होता. पुढच्या रांगेत शेवटचा, पाऊल बाहेरच्या बाजूला वळतंय. ड्युइट तिकडे निघालाही होता. सव्वा तास हेच चाललं. शेवटी शेवटी वीस पावलं अशी पडायला लागली की एकच आवाज यायचा. व्हर्लनने तिसरी चूक शोधून पाहिली. सापडली नाही.

खेळाडू गेल्यावर ड्युइटने त्याला पाहिलं. लांबूनच ओळखलं. लंगडत आला, हात मिळवला आणि सोडला नाही.

"तुला पाठवलं त्यांनी," तो म्हणाला.

"नाही."

"तू मंडळात आहेस ना? मला कॉलेजचा एकदा फोन आला होता, मग काहीच नाही. मला वाटलं—"

"मला कोणी पाठवलं नाही. विमान आलं होतं तुझ्याकडे."

ड्युइट हसला. मग बाकावर बसला आणि सांगायला लागला. विमान उतरल्याचं गावातल्या न्हाव्याने त्याला कळवलं. तो घरी गेला, दाढी केली, कोट चढवला आणि धावपट्टीच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. दार उघडलं. आधी शिकारीची दोन कुत्री उतरली, मग शेठजी उतरले. डोंगरात रानकोंबड्या मारायला आले होते.

"मला ओळखलंच नाही रे. म्हणाले, कुत्र्यांना पाणी मिळेल का इथे?"

"मग?"

"दिलं आणून. कोट घालून."

ही गोष्ट ऐकायला व्हर्लन पस्तीस वर्षं थांबला होता. हसू आलंही, पण अर्ध्यात अडकलं. समोरच्या माणसाच्या पँटीला दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं होती, आणि त्यांतलं एक पुन्हा फाटलं होतं.

मग ज्यासाठी आला होता ते त्याने विचारलं.

"तू रेषेला हात लावायचा नाहीस, ड्युइट."

ड्युइटने कसली रेषा, असं विचारलं नाही. "नाही लावायचो," तो म्हणाला. "तू बघायचास, तेही मला माहीत होतं. कितीही पळालो तरी खेळणार तूच होतास. कशाला वाकायचं?" तो जमिनीवरच्या पट्ट्या नखाने सोडवायला लागला. "रॅन्समने खोलीची किल्ली देताना सांगितलं होतं, टिडमोर नाही म्हणाला म्हणून तुला देतोय. त्या दिवसापासून सगळ्या रेषांना हात लावतोय."

ड्युइटने देऊ केलेली कॉफी व्हर्लनने घेतली नाही. लांब जायचंय म्हणाला.

परतीच्या सात तासांत त्याने रेडिओ लावला नाही. पस्तीस वर्षं त्याने एका गोष्टीवर निभावलं होतं. मी असतो तर दुप्पट केलं असतं. आता ती वीस पावलं डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपण केलं असतं का? पगार नसताना, त्या खोलीत, मग दुसऱ्या, तिसऱ्या गावात, मोडक्या गुडघ्यावर, हंगाम संपल्यावर पहाटे साडेपाचला? कदाचित केलं असतं. कदाचित नाही. हे त्याला माहीत नव्हतं, आणि आता कधीच कळणार नव्हतं. ड्युइटला माहीत होतं. पूर्वी त्याला ड्युइटच्या जागेचा हेवा वाटायचा. आता या माहीत असण्याचा वाटत होता, आणि हा जास्त जळत होता.

विमानाने काहीच ठरलं नव्हतं, मत अजून त्याच्याच हातात होतं, आणि एक सोपी वाट होती. गुरुवारी रेन्फ्रोचं नाव घ्यायचं. आपण लॉरेल फोर्कला गेलो होतो हे नेल्डाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. लमार खूश होईल, हॉइट दोन दिवस कुरकुरेल. ड्युइट तिकडेच राहील, शेठजींच्या कुत्र्यांना पाणी देत. राज्याच्या हद्दीपर्यंत व्हर्लनने हे ठरवूनच टाकलं होतं. पण एकदा तपासलेलं काम खोटं लिहायचं, हे त्याने गिरणीत कधी केलं नव्हतं. एका फोरमनने एकदा सांगितलं होतं तसं लिही म्हणून. त्याच्याशी तो पुढची सहा वर्षं बोलला नव्हता.

गुरुवारी सकाळी टेबलावर पहिली खबर त्याने विमानाची दिली. शेठजी शिकारीची दोन कुत्री घेऊन रानकोंबड्या मारायला गेले होते. लमार इतका हसला की ओलिटाने त्याला पाणी दिलं. विमा विकणाऱ्याने कुत्र्यांना कोच केलं, म्हणाला, तरी काढलेल्या कोचपेक्षा बरेच म्हणायचे. हॉइटने पाटी बंद करून खुर्चीखाली ठेवली.

मग लमारने कागद काढला. "चल. तुझं काय?"

"मी काल त्याच्या व्यायामशाळेत होतो," व्हर्लन म्हणाला. "पहाटे साडेपाचला."

लमारने पेन खाली ठेवलं.

"तो माझ्यापेक्षा जास्त काम करतो."

हे वाक्य व्हर्लन टिडमोरने आजवर कोणाबद्दल उच्चारलं नव्हतं. स्वतःच्या बापाबद्दलही नाही. ओलिटा किटली घेऊन जाता जाता थांबली. लमारने विचारलं, म्हणजे नक्की काय पाहिलंस. व्हर्लनने सांगितलं. वीस माणसं, वीस पावलं, सहा इंच, एक आवाज. दोन चुका मला दिसल्या, दोन्ही त्याला माझ्याआधी दिसल्या. यापलीकडे तो बोलला नाही. कोट आणि कुत्र्यांना पाणी, ही गोष्ट त्याने गिळली. ती सांगावी असं त्याच्या जिभेवर फार आलं होतं.

लमार बराच वेळ बशीत कप फिरवत राहिला. तो चेंडू घेऊन पळणारा होता. त्याला ज्या वाटा मिळाल्या त्या डाव्या गार्डने काढून दिलेल्या होत्या, आणि डावा गार्ड खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं.

"मग माझंही तेच लिही," तो म्हणाला. "पण म्हातारा हरला तर मी तुझ्या दारात येऊन बसेन."

नाव व्हर्लनने स्वतः लिहिलं. मशीनला चिठ्ठी लावायचा तसं, सुट्या मोठ्या अक्षरांत. रात्री मात्र तो जेवला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. शनिवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन वाजला. ड्युइट होता.

"व्हिटफिल्ड म्हणाला, तिघांची मतं मला पडली," तो म्हणाला. "तिघांची?"

"तिघांची."

"तुझंपण?"

"नाव मीच लिहिलं."

नेल्डाने गॅस बारीक केला.

"तू सात तास गाडी चालवून आलास, म्हणून तुला खरं सांगतो," ड्युइट म्हणाला. "उलटं असतं ना, तर मी तुझं नाव दिलं नसतं."

"नसतं दिलंस?"

"नाही. तीन वर्षं बाकावर बसून तुझ्या पाठीवरचा चौसष्ट बघितलाय मी. तुझा गुडघा मोडावा म्हणून प्रार्थना केलीय. चर्चमध्ये, आईच्या शेजारी बसून. अजून तुझं नाव निघालं की मला आत काहीतरी होतं."

"माझा गुडघा ठीक आहे," व्हर्लन म्हणाला.

"पाहिलं ना बुधवारी. सरळ चालत गेलास." ड्युइटने श्वास सोडला. "माझाच मोडला."

फोन ठेवून व्हर्लन टेबलापाशी आला. नेल्डाने विचारलं, काय म्हणाला. त्याने शब्दाला शब्द सांगितलं, गुडघ्यासकट.

"वाईट वाटलं तुला?"

मोजल्याशिवाय उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती. चाळीस वर्षं. त्या डोंगरात बसून, इतके सामने जिंकून, तो माणूस जळत होता. याच्यावर. गिरणीतल्या फिटरवर.

"नाही," तो म्हणाला. "बरं वाटलं."

नेल्डाने त्याच्याकडे बघून मान हलवली. व्हर्लनने ताट पुढे ओढलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.